दारातली पिशवी : पेडण्यातल्या मांजरघराचा धागा

नीरफणस (रविवार, रात्री ११:४०)

काल सकाळी फाटकाला परत एक पिशवी टांगलेली. कापडी, म्हापशाच्या कुठल्याशा सोनाराची, तोंडाला सुतळीची गाठ. आत तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे दहाबारा दिवसांची. सोबत वहीच्या पानाची चिठ्ठी : 'तुम्ही मारत नाही असं ऐकलं. देव बरें करूं.'

हा धागा त्या चिठ्ठीमुळे. इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं की मांजरांसाठी असं घर काढायचं तर काय लागतं. मी लिहायचं टाळत होते, कारण उत्तर फारसं गोड नाही.

आमचं घर पेडणे तालुक्यात, किनाऱ्यापासून आत, आजोबांच्या काजूच्या भाटात (बागेत). सात वर्षांपूर्वी दोन मांजरं होती, आज एकोणचाळीस आहेत. चाळीस ही आमची हद्द. एकेचाळिसावं घ्यायचं नाही. पिल्लं यात धरत नाही, ती लोकांच्या घरी वाढतात.

मांजरं येतात कुठून? किनाऱ्यावरून. ऑक्टोबरात शॅक (वाळूवरची तात्पुरती हॉटेलं) उभे राहतात, पर्यटक मांडीवर मांजर घेऊन किंगफिश भरवतात, फोटो काढतात. मे संपता संपता शॅक मोडतात, कामगार आपापल्या गावी जातात आणि पाऊस सुरू होतो. मांजरं तिथेच. मधल्या सात-आठ महिन्यांत त्यांची संख्या मात्र वाढलेली असते. मांजराचा गाभणकाळ दोन महिन्यांच्या थोडा वर, ६३ ते ६५ दिवस. पिल्लू चार महिन्यांचं झालं की स्वतः गाभण राहू शकतं. डिसेंबरात शॅकमागच्या गोणपाटावर जन्मलेली भाटी मे महिन्यात तिथेच पोट घेऊन फिरताना मी बघितलीय. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे जेट्टीवर, बाजारात डोकी-शेपट्या मिळणंही थांबतं. जूनचा दुसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो.

सुरुवातीला मी कुणालाच नाही म्हणत नव्हते. फाटकावर पाटीसुद्धा रंगवून घेतली होती, 'इथे कोणालाही मारलं जात नाही.' मोठा अभिमान होता त्या पाटीचा.

चौथ्या वर्षी, चवथीच्या आदल्या दिवशी, एक जण खोक्यातून करड्या रंगाचं पिल्लू घेऊन आला. घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची चाललेली, हात रिकामे नव्हते. मी ते पिल्लू सरळ बाकीच्यांच्या खोलीत सोडलं. दोनच दिवसांत ते गेलं. अशक्त होतं, म्हटलं जायचंच होतं. पाचव्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर नऊ पिल्लं पाण्याच्या वाट्यांभोवती बसलेली. मान खाली, हनुवटी काठावर टेकलेली, पाण्याकडे बघतायत आणि पीत नाहीत. अगदी शांत. डॉक्टरांनी कुत्र्यांच्या पार्वो रोगाची तपासणीपट्टी लावली (मांजरांचा विषाणू त्याच कुळातला, म्हणून ती पट्टी चालते). दुसरी रेघ, म्हणजे लागण असल्याची खूण, उमटायला वेळ लागला नाही. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा पार्वो. चौदा पिल्लांपैकी अकरा गेली. पुरायला खड्डा भाऊजींनी खणला, पाऊस होता, खड्ड्यात पाणी भरत होतं आणि ते करवंटीने उपसत होते.

ती पाटी तेव्हाही फाटकावर होती. मी कुणाला इंजेक्शन दिलं नव्हतं, फक्त गर्दी केली होती.

पाटी उतरवली. आता आलेलं प्रत्येक जनावर चौदा दिवस वेगळ्या खोलीत. त्या खोलीच्या चपला वेगळ्या, झाडू वेगळा, अंगावरचा गाऊनही वेगळा. हा विषाणू जमिनीत, लाकडात वर्षभर तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. आधी जागा घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आणि फिनाईल घरातून हद्दपार करा! मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही. पाय चाटले की ते पोटात. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाईलचा वास, त्यामुळे मदतीला येणाऱ्या प्रत्येक बाईला हे दहा वेळा सांगावं लागतं.

बाकीचं उद्या. पिल्लं पोर्वरीला पोचवून आत्ताच आलेय.

पोर्वरीची_पाहुणी (सोमवार, पहाटे ३:१५)

पोचली, सुखरूप आहेत. :) वेळ बघा आणि समजून घ्या.

ज्यांना कौतुकाने पिल्लं सांभाळायची असतात त्यांच्यासाठी : गाईचं दूध नाही, जुलाब होऊन मरतात. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. एवढ्या लहानग्यांना तीन-तीन तासांनी. बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवून, जसं आईकडे पितात तसं. पाजण्याआधी पिल्लू गरम आहे ना ते बघायचं, गार पिल्लाला दूध पचत नाही. पाजून झालं की ओल्या कापसाने मागची बाजू पुसायची, आई चाटते तसं, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. आणि रोज वजन. मी पोहे मोजायच्या काट्यावर करते. रोज दहा ग्रॅम वाढलं तर झोप लागते.

मधलं वाढत नाहीये. बघू.

तळ्यातमळ्यात (सोमवार, सकाळी १०:०५)

लेख हृदयस्पर्शी वगैरे आहे, पण एक कळलं नाही. एकेचाळिसावं घेत नाही म्हणता. मग त्या एकेचाळिसाव्याचं काय होतं? ते रस्त्यावर मेलं तर तुमच्या हिशेबात येत नाही एवढंच ना? याला नो-किल म्हणायचं की हात झटकणं?

गुरांचा_डॉक्टर (सोमवार, दुपारी १:३०)

@तळ्यातमळ्यात, प्रश्न रास्त आहे, सूर नाही.

नो-किल या शब्दाबद्दल थोडं. तो अमेरिकेतून आला. तिथल्या निवाऱ्यांत जागा नाही म्हणून धडधाकट जनावरं मारत, त्याविरुद्धची ती चळवळ. तिथे साधारणपणे शंभरात नव्वद जिवंत बाहेर पडली तर निवारा नो-किल म्हणवतो. उरलेली दहा म्हणजे ज्यांच्यासाठी काही करता येत नाही ती. म्हणजे शब्दाचा अर्थ 'कधीच नाही' असा नाही, 'जागेसाठी नाही' असा आहे. आपल्याकडे लोक पहिला अर्थ धरतात आणि मग कणा मोडलेलं, मागचं सगळं लुळं पडलेलं मांजर आठ-आठ दिवस खोक्यात ठेवतात, कारण 'आम्ही मारत नाही'. अशांना मी शांतपणे झोपवतो. नीरफणसताईंकडचीही झोपवलीत. त्यांनी हात धरला होता, माझा नव्हे, मांजराचा.

मी सरकारी नोकरीत गुरं बघण्यात आयुष्य काढलं, मांजरं निवृत्तीनंतर शिकलो. लोक घरी काय करून आणतात ते सांगतो. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल : एका गोळीत मांजर मरतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध मानेवर : त्यात पर्मेथ्रिन असेल तर झटके येऊन मरतं. 'थोडंसंच लावलं डॉक्टर.' थोडंसं असं काही नसतं. बाटलीवर मांजराच्या चित्रावर काट मारलेली असते, ती छोटी का छापतात देव जाणे.

नीरफणस (सोमवार, रात्री १०:५०)

@तळ्यातमळ्यात, तुम्ही विचारलंत ते मी स्वतःला रोज विचारते. एकेचाळिसाव्याला घेत नाही म्हणजे त्याला सोडून देतो असं नाही, ते जिथे आहे तिथेच त्याचं बघतो.

उदाहरण देते. मांद्र्याकडच्या एका वाड्यावरून फोन, 'बारा मांजरं आहेत, सगळी न्या.' पूर्वी नेली असती. आता मी विचारते, खायला कोण घालतं? नेहमी कुणीतरी असतंच. इथे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. त्यांना म्हटलं, मावशे, बाराही तुमच्याकडेच राहतील, पण तेरावं होणार नाही याची जबाबदारी माझी. मग पिंजरे लावायचे. आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, एक तर शस्त्रक्रियेला पोट रिकामं लागतं आणि दुसरं, उपाशी असल्याशिवाय शहाणं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही. आमिष म्हणजे भाजलेला बांगडा, ताजा नव्हे. वास लांब जातो. पिंजऱ्यात गेलं की लगेच वर चादर टाकायची, अंधार झाला की धडपड थांबते. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घेतात, ती खूण. पुढच्या वर्षी लांबून कळतं की हिचं झालंय, परत धरायला नको.

बारापैकी अकरा सापडली. बारावा बोका, काळापांढरा, तीन महिने आम्हाला खेळवत होता. शेवटी बहिणींच्याच पलंगाखाली झोपलेला सापडला. त्या वाड्यावरून दोन वर्षांत फोन नाही.

बारा मांजरं माझ्याकडे आणली असती तर त्यांना आयुष्यभर पोसायचं, आणि तिथे जागा रिकामी म्हणून नवी आली असती. माझ्याकडच्या चाळीसात आता फक्त ज्यांना बाहेर जगताच येणार नाही अशीच. आंधळी तीन, तीन पायांची पाच, म्हाताऱ्या, आणि मालक परदेशी गेले म्हणून मागे राहिलेली पाळीव, ज्यांना उंदीर दिसला की तीच पळतात.

पण खरं सांगायचं तर नकार देणं जमत नाही. फोन ठेवल्यावर जेवण जात नाही. नवरा म्हणतो, तू इतकी वर्षं मांजरं जमवलीस, आता माणसं जमव. तेच करतेय.

पक्षीवेडा (मंगळवार, सकाळी ७:२०)

इतरांना राग येईल, तरी लिहितो. शेताच्या बांधावर मांजरांना खायला घालू नका. वायंगण (रब्बी भाताच्या) शेतात हिवाळ्यात जे पक्षी उतरतात त्यांची वाट लागते. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं.

दुसरं, काजूच्या बागेत, गवतात सापडलेलं प्रत्येक 'मांजराचं पिल्लू' मांजराचं नसतं. रानमांजर असतं, उदमांजर असतं. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. हात लावू नका, आई जवळच असते. तासभर लांबून बघा, नाहीतर वनखात्याला कळवा.

नीरफणस (मंगळवार, सकाळी ८:००)

राग कसला, अनुमोदन. आमची बाहेर जात नाहीत. सहा फुटी जाळी, वरचा दीड फूट आत वाकवलेला, त्यावरून एकच मांजर आजवर गेलंय आणि तेही फणसावरून. उदमांजराचं पिल्लू एकदा मीही उचलून आणलं होतं, आमच्या डॉक्टरांनी बघताच कपाळाला हात लावला. रात्री परत नेऊन ठेवलं तिथेच, आई घेऊन गेली. सुटले.

स्विंडनकार (मंगळवार, रात्री ९:१०)

मूळ गाव हरमल. इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये आम्ही बरेच गोंयकार आहोत. आठ-दहा जणांनी ठरवलंय, दर महिन्याला काही पौंड पाठवायचे. खाते क्रमांक विपूत (खाजगी निरोपात) द्याल का? पैशांनी होणार नसेल तर पिंजरे, औषधं काहीतरी पाठवतो.

सीए_फोंडा (मंगळवार, रात्री ९:४५)

थांबा थांबा. कुणीही खाते क्रमांक देऊ नका.

तुमच्याकडे कुठला पासपोर्ट आहे यावर सगळं आहे. पोर्तुगीज घेतला असेल तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने परदेशी, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. गोव्यात हे फार जणांना माहीत नसतं, 'मी तर हरमलचा' म्हणतात. परदेशी व्यक्तीकडून संस्थेने पैसे घ्यायचे तर एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं व्हावी लागतात आणि त्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च दाखवावा लागतो. मग दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं. छोट्या संस्थेला हे झेपत नाही. वस्तूही त्यातच मोडतात, तेव्हा पिंजरे 'पाठवून' सुटका नाही. आणि भावाच्या खात्यात घालून त्याच्या नावाने देणगी असले उद्योग तर अजिबात नकोत.

भारतीय पासपोर्ट अजून आहे आणि स्वतःच्या बचतीतून देताय, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ते चालेल.

बाकी देणाऱ्यांसाठी : संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (जिला ८०-जी म्हणतात) असेल तरच वजावट, रोख दोन हजारांच्या वर दिलीत तर त्या रकमेवर नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर तसाही उपयोग नाही. म्हणून मी माझ्या अशिलांना सांगतो, मांजरांना द्यायचंय तर मांजरांसाठी द्या.

स्विंडनकार (मंगळवार, रात्री १०:३०)

बापरे. आमच्यातल्या दहापैकी आठ जणांचे पोर्तुगीज पासपोर्ट. मग काय करायचं?

नीरफणस (बुधवार, सकाळी ६:५०)

चवथीला गावी याल ना? तेव्हा चार दिवस पिंजरे उचलायला या. मला पौंडापेक्षा गाडी चालवणारं माणूस जास्त हवंय, आणि चवथीत मदतनीस सगळे आपापल्या घरी असतात.

पैशाचं विचारलंच आहे तर सांगून टाकते. कोरडं खाणं महिन्याला पासष्ट किलोच्या आसपास. एकशेतीस जण दरमहा शंभर रुपये देतात. त्यात खाण्याचंसुद्धा पूर्ण भागत नाही, वरचे आम्ही घालतो. पण मोठी देणगी देणाऱ्या एकापेक्षा मला हे एकशेतीस प्रिय. मोठा देणगीदार एक वर्षी विसरला की संपलं. शंभरवाले विसरत नाहीत, कारण महिन्याच्या एक तारखेला मी ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाकते. पै न् पै, ब्लीचच्या बाटलीसकट. एकदा चारशे रुपयांचा मेळ लागेना, तसंच लिहिलं. त्या महिन्यात सहा नवे जण आले.

बाजारातल्या मासेवाल्या डोकी, आतडी बाजूला ठेवतात, पैसे घेत नाहीत. एकीने तर माझ्यासाठी बादलीला झाकण आणलं. सगळं उकडूनच घालायचं. काही माशांत कच्चेपणी एक घटक असतो जो जीवनसत्त्व बी-१ संपवतो, शिजवलं की तो जातो. काटे काढायचे. आणि रोज नुसते तारले घालायचे नाहीत, तेलकट मासळीने अंगातली चरबी सुजून दुखायला लागते, धरलं तरी ओरडतात. सुकी मासळी मुळीच नाही, मिठाने मारते.

मांजरांच्या शी-शूसाठी मातीच्या भांड्यांत वाळू घालायचा विचार होता. पण वाळू गोव्यात सोन्याच्या भावाने, तीही मिळाली तर! आरा गिरणीतला भुसा आणतो. पावसाळ्यात तो ओला होतो, बुरशी येते, तेव्हा पोती ओट्यावर आणि ओटा आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी. पाहुणे कमी झालेत.

कापसाची_म्हातारी (बुधवार, दुपारी ४:००)

माझी सून चार महिन्यांची गरोदर आहे. घरात मांजर. शेजारी म्हणतात सोडून ये कुठेतरी. तुमच्याकडे पिशवीतून पाठवण्याआधी विचारते. ;)

गुरांचा_डॉक्टर (बुधवार, दुपारी ४:४०)

सोडू नका. भीती टॉक्सोप्लाझ्माची आहे. मांजराच्या विष्ठेतला तो परजीवी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. भांडं रोज साफ करा, आणि सुनेने नव्हे, मुलाने. मुलगा म्हणजे तिचा नवरा, बरोबर ओळखलंत. कच्चं मांस नको, भाजी नीट धुवा, बागेत काम करताना हातमोजे. सुनेच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या.

तळ्यातमळ्यात (बुधवार, रात्री ११:२०)

माझा सोमवारचा सूर चुकला, मान्य. पेडण्यातच राहतो. शनिवारी गाडी घेऊन येऊ शकतो. मांजरांची मला जरा भीती वाटते, हे आधीच सांगतो.

नीरफणस (बुधवार, रात्री ११:३५)

या. चादर टाकायचं काम देते, तेव्हा पिंजरा बंद झालेला असतो.

पोर्वरीची_पाहुणी (शुक्रवार, सकाळी ६:१०)

मधलं गेलं. काल रात्री दीडच्या सुमारास. बाकी दोघी १९० आणि २०५.

नीरफणस (शनिवार, रात्री ९:१५)

मागच्या रविवारी ती सोनाराची पिशवी धुऊन परत फाटकाला टांगली होती. आत चिठ्ठी ठेवली, 'पिल्लं आमच्याकडे आहेत. त्यांची आई तुमच्याकडे असेल तर तिची शस्त्रक्रिया आम्ही मोफत करून देऊ, तिला परत तुमच्याकडेच सोडू. ती दूध पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून लवकर कळवा.' खाली फोन नंबर.

आठवडाभर पिशवी तशीच. पावसाची एक सर येऊन गेली, मी सुकवून परत टांगली.

आज संध्याकाळी तळ्यातमळ्यात यांना सोडायला फाटकापर्यंत गेले (पाच पिंजरे उचलले त्यांनी, डोळे मिटून) तर पिशवी नव्हती. माझी चिठ्ठी मात्र होती, फाटकाच्या फटीत खोचलेली. मागच्या बाजूला पेन्सिलीने :

'हो, आहे. काळी आहे. मंगळवारी आणू काय? चावते.'